कुमार गंधर्वांचा श्वास

क्षयरोगाचे निदान कोणालाही हादरवून टाकते. ज्याचा श्वास हेच ज्याचे वाद्य, त्याच्या बाबतीत तर ती आयुष्य थांबल्याचीच सूचना असते. १९४७च्या सुमारास पंडित कुमार गंधर्व यांना फुप्फुसाचा क्षय झाल्याचे निष्पन्न झाले, तेव्हा ते जेमतेम तेवीस वर्षांचे होते. त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले होते. आता पुन्हा गाता येणार नाही, गाण्याचा प्रयत्न केला तर जिवावर बेतेल, असे डॉक्टरांनी त्यांना सांगितले.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे झाला. लहान वयातच मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्ड ऐकून ते गाणे हुबेहूब गाऊन दाखवण्याची विलक्षण शक्ती या मुलात दिसली. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी त्यांना बालवयातच मिळाली आणि पुढे तेच नाव झाले. १९३६च्या सुमारास ते मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे शिकायला आले. देवधर हे पंडित विष्णू दिगंबर पलुसकरांचे शिष्य. रागदारीबरोबर आवाज कसा निर्माण होतो, तो कसा कमवावा, याचाही त्यांनी शास्त्रीय दृष्टीने अभ्यास केला होता. पुढे कुमारांच्या आयुष्यात जे घडले ते पाहता, आवाजाचा असा विचार करणारा गुरू लाभणे ही मोठीच गोष्ट म्हणायला हवी.

देवधरांच्याच विद्यालयातल्या गायिका भानुमती कंस यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्यानंतर लवकरच आजाराने गाठले. मुंबईच्या दमट, गर्दीच्या हवेपेक्षा कोरडी हवा बरी, म्हणून १९४८च्या जानेवारीत हे दांपत्य माळव्यातील देवासला गेले. त्या काळी क्षयावर हमखास औषध नव्हते. पूर्ण विश्रांती, पौष्टिक अन्न आणि मोकळी कोरडी हवा एवढ्यावरच उपचार अवलंबून असत. आजारी फुप्फुसाची हालचाल जितकी कमी, तितकी जखम भरून यायला मदत, हे तेव्हाच्या उपचारांमागचे सूत्र होते. गाण्यात नेमके याच्या उलट घडते. खोल श्वास घेतला जातो, छातीत दाब वाढतो. क्षयाने फुप्फुसात पोकळी झाली असेल, तर खोकल्यातून रक्त पडण्याची भीती असते. त्यामुळे गाण्यावरची बंदी हा डॉक्टरांचा कठोरपणा नव्हता, त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे तोच शहाणपणाचा सल्ला होता.

पुढची सुमारे पाच वर्षे कुमार अंथरुणावर होते. गाणे बंद होते, ऐकणे मात्र चालू होते. घराजवळून जाणाऱ्यांच्या माळवी लोकगीतांच्या धुना, नाथपंथी भजने कानावर पडत होती. या काळात भानुमतींनी शाळेत नोकरी करून घर चालवले आणि रुग्णाची शुश्रूषाही केली. क्षय बरा होण्यात औषधाइतकाच घरातल्या माणसाचा वाटा असतो, हे आजही खरे आहे.

दरम्यान जगात एक मोठा बदल झाला होता. १९४३ मध्ये अमेरिकेत सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांना मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. क्षयाच्या जंतूवर परिणामकारक ठरलेले हे पहिले प्रतिजैविक. सुरुवातीला ते दुर्मीळ आणि महाग होते. १९५२च्या सुमारास ते कुमारांना मिळाले आणि प्रकृतीला उतार पडू लागला. हे औषध इंजेक्शनने द्यावे लागते आणि आतल्या कानाला इजा करू शकते. काही रुग्णांचा तोल जातो, काहींची श्रवणशक्ती कमी होते. गवयासाठी हा केवढा धोका होता, हे वेगळे सांगायला नको. जीव वाचवणारे औषधच कान नेऊ शकले असते. कुमारांचा कान शाबूत राहिला.

फुप्फुस मात्र पूर्वीसारखे झाले नाही. क्षयाचे जंतू मेले तरी त्यांनी नष्ट केलेला भाग पुन्हा उगवत नाही. त्या जागी व्रण तयार होतो, तो आकसतो आणि तिथे हवेची देवाणघेवाण होत नाही. कुमारांचे एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. दुसरे फुप्फुस अशा वेळी थोडे फुगून जागा भरते, पण दोघांचे काम एकट्याने पूर्ण करू शकत नाही.

याचा गाण्यावर काय परिणाम होतो, हे साध्या हिशेबाने समजेल. शांत बसलेला माणूस एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा आत घेतो. निरोगी प्रौढ पुरुषाने पूर्ण श्वास भरून पूर्ण सोडला, तर चार ते पाच लिटर हवा बाहेर पडते. गाताना दर सेकंदाला साधारण १०० ते २०० मिलिलिटर हवा खर्च होते. म्हणजे चार लिटरच्या भांडवलावर, सेकंदाला १५० मिलिलिटर खर्च धरला, तर सूर २५ सेकंदांहून थोडा अधिक टिकेल. भांडवल दोन लिटरवर आले, तर तेरा सेकंदांत खेळ संपतो. शिवाय छाती पूर्ण रिकामी होईपर्यंत कोणी गात नाही, त्यामुळे प्रत्यक्ष वेळ आणखी कमी.

पण गाणे केवळ साठ्यावर चालत नाही. श्वास भरल्यावर फुप्फुसे फुग्यासारखी आपोआप आकसू पाहतात. हवा एकदम बाहेर पडू नये म्हणून गायकाला श्वासपटल आणि बरगड्यांमधील स्नायूंनी ती धरून ठेवावी लागते. साठा कमी होत आला की पोटाच्या स्नायूंनी हलका जोर द्यावा लागतो. स्वरतंतू नीट जुळले तर थोड्या हवेत भरदार सूर निघतो, सैल राहिले तर हवा वाया जाते. खांदे उचलून वरवर घेतलेला श्वास मान आणि गळा ताठरतो. पोट आणि खालच्या बरगड्या फुलवून, पटकन आणि आवाज न करता घेतलेला श्वास जास्त कामाचा. थोडक्यात, श्वास किती आहे याइतकेच तो कसा खर्च होतो आणि कुठे घेतला जातो, याला महत्त्व आहे.

१९५३ मध्ये कुमार पुन्हा मैफलीत गायले. आता त्यांच्या गाण्याची घडण वेगळी होती. लांबच लांब एका दमाच्या आलापींऐवजी छोटे, नेमके स्वरवाक्य, मग विराम. त्या विरामात तंबोरे बोलत राहत आणि श्रोत्याच्या मनात सूर चालूच राही. कधी एकदम चढवलेला स्वर, कधी अगदी हलका, मध्येच विजेसारखी छोटी तान. श्वास घेण्याची जागा ही गाण्यातली खोट न राहता गाण्याचाच भाग झाली. पुढच्या काळात पत्नी वसुंधराताईंची गायनसाथही त्यांना लाभली. भानुमतींचे १९६१ मध्ये निधन झाले होते.

आजाराने कुमार गंधर्व घडवले, असे मात्र म्हणू नये. त्या काळात असंख्य लोकांना क्षय झाला, अनेकांची फुप्फुसे निकामी झाली, म्हणून त्यांच्या हातून नवे संगीत निर्माण झाले नाही. फुप्फुसाने फक्त मर्यादा घातली. त्या मर्यादेत काय मांडायचे हे त्यांच्या बुद्धीने आणि रियाजाने ठरवले. अंथरुणावर ऐकलेल्या लोकधुनांतून त्यांनी धुनउगम राग बांधले, निर्गुणी भजने मैफलीत आणली, १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ हा बंदिशींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९७७ मध्ये पद्मभूषण आणि १९९० मध्ये पद्मविभूषण हे सन्मान त्यांना मिळाले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथे त्यांचे निधन झाले. पुन्हा कधी गाणार नाही असे ज्यांच्याबद्दल सांगितले गेले, ते त्यानंतर सुमारे ३९ वर्षे गात राहिले.

आज चित्र बदलले आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, बेडक्यातून रक्त, यांपैकी काही असेल तर बेडक्याची तपासणी लगेच करून घ्यावी. सरकारी रुग्णालयांत तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. नेहमीच्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. बरे वाटू लागले म्हणून तो मध्येच सोडू नये, जंतू औषधांना दाद देईनासे होतात. निदान जितके लवकर, तितके फुप्फुस अधिक वाचते. गायकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे : गातानाही तोंडातून सूक्ष्म तुषार हवेत जातात, म्हणून संसर्ग आटोक्यात आल्याचे डॉक्टर सांगेपर्यंत बंद खोलीतला सामूहिक रियाज थांबवावा.

क्षय बरा झाल्यावरही जिना चढताना धाप लागत असेल, तर वय झाले म्हणून गप्प बसू नये. स्पायरोमेट्रीच्या साध्या तपासणीने श्वासाचे भांडवल किती उरले आहे ते कळते आणि देखरेखीखाली केलेल्या चालण्याच्या व श्वसनाच्या व्यायामांनी आहे त्या फुप्फुसातून अधिक काम घेता येते. गेलेले फुप्फुस परत येत नाही. उरलेल्याचा वापर मात्र शिकता येतो, आणि तो किती दूरवर नेता येतो हे देवासच्या त्या घरात एका गवयाने दाखवून दिले आहे.