नाकारलेल्या विक्रमाचा मानकरी : जलतरणपटू ड्यूक कहानामोकू

११ ऑगस्ट १९११. हवाई बेटांवरील होनोलुलू बंदरात पोहण्याची स्पर्धा सुरू होती. वीस वर्षांच्या एका मूलनिवासी तरुणाने १०० यार्डांचे अंतर ५५.४ सेकंदांत पार केले. तोवरच्या विक्रमापेक्षा ही वेळ ४.६ सेकंदांनी कमी होती. पण अमेरिकेतील हौशी खेळाडूंच्या संघटनेने विक्रम मान्य केला नाही. घड्याळे चुकली असतील, समुद्राच्या प्रवाहाची मदत झाली असेल, अशी कारणे पुढे आली.

तो तरुण म्हणजे ड्यूक कहानामोकू. जन्म २४ ऑगस्ट १८९०, होनोलुलू. वडील पोलिसात. ड्यूक लहान असतानाच, १८९३ मध्ये, गोऱ्या व्यापारी-मळेवाल्यांनी हवाईच्या राणीची सत्ता उलथवली आणि १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे ताब्यात घेतली. आपल्याच भूमीत हवाईयन माणूस दुय्यम ठरला. वायकिकीच्या किनाऱ्यावरचा मोठा क्लब प्रामुख्याने गोऱ्यांचा होता. ड्यूक आणि त्यांच्या मित्रांनी 'हुई नालू' हा स्वतःचा क्लब उभा केला.

विक्रम नाकारला गेला, तरी ड्यूक थांबले नाहीत. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये त्यांनी १०० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकले. महायुद्धामुळे १९१६ चे ऑलिम्पिक झाले नाही आणि उमेदीची वर्षे गेली. तरीही १९२० मध्ये अँटवर्पला, तिशीत, त्यांनी तेच सुवर्णपदक राखले आणि रिलेतही सुवर्ण मिळवले. १९२४ मध्ये पॅरिसला जॉनी वाइसमुलर पहिले आले, ड्यूक दुसरे आणि त्यांचे धाकटे भाऊ सॅम तिसरे.

हवाईयन पूर्वजांची लाटांवर फळीने स्वार होण्याची कलाही त्यांनी अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात लोकप्रिय केली. १९२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर एक बोट उलटली, तेव्हा याच फळीवरून पुन्हा पुन्हा खवळलेल्या समुद्रात जाऊन त्यांनी आठ जणांना वाचवले.

पदकांनी पोट भरले नाही. हौशी खेळाडूला खेळातून पैसे घेण्यास मनाई होती. हॉलिवूडमध्ये त्यांच्या वाट्याला किरकोळ भूमिका आल्या. जगज्जेत्या खेळाडूने पेट्रोल पंपही चालवला. १९३४ मध्ये लोकांनी त्यांना होनोलुलूचे शेरीफ म्हणून निवडले आणि पुढे वारंवार निवडून दिले. २२ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. आज वायकिकीच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा उभा आहे.

ज्यांच्या हातात घड्याळ आणि नोंदवही असते, तेच विक्रम कोणाचा हे ठरवतात. म्हणून तरुणांनी ड्यूक यांच्याकडून दोन गोष्टी घ्याव्यात. दार बंद असेल तर आपली संस्था आपण उभारायची. आणि नाकारले गेले तरी मैदान सोडायचे नाही.