हजरत अबू बक्र (रजि.) आणि जकातीचा हिशोब

जकातीचा हिशोब मांडताना हजरत अबू बक्र सिद्दीक (रजि.) यांचे जीवन दृष्टीसमोर ठेवा. मक्केच्या या सधन व्यापाऱ्याने हजरत बिलाल (रजि.) यांच्यासारख्या गुलामांच्या मुक्ततेसाठी आपली संपत्ती वेचली. इ.स. ६३२ मध्ये ते पहिले खलीफा झाले, तेव्हा काही टोळ्यांनी नमाज मान्य करून जकात नाकारली. त्यांच्याशी युद्ध करण्याबाबत हजरत उमर (रजि.) यांनाही प्रथम शंका वाटली, परंतु जकातीतील उंटाच्या दोरीइतकाही हक्क सोडण्यास ते राजी झाले नाहीत.

हजरत अनस (रजि.) यांना बहरीनला पाठविताना त्यांनी प्रेषितांनी (स.) ठरविलेले दर लिहून दिले: पाच उंटांवर एक बकरी, चाळीस शेळ्या-मेंढ्यांवर एक, चांदीवर चाळिसावा हिस्सा. १९० दिरहमांवर काहीच अनिवार्य नाही. २०० दिरहमांवर मात्र पाच दिरहम. इ.स. ६३४ मध्ये मृत्युशय्येवर त्यांनी बैतुलमालातून घेतलेले मानधनही परत करण्यास सांगितले.

वाचकहो, दोरीचाही हिशोब ठेवणाऱ्या या खलीफांचे स्मरण करा आणि स्वतःस विचारा: चांद्रवर्ष पूर्ण होताच आपण रोकड, सोने-चांदी व व्यापारी माल मोजून अडीच टक्के काढतो, की अंदाजाने काही देऊन मोकळे होतो? जकात हे आपले औदार्य नव्हे, तो गरिबांचा हक्क आहे.