राणीची पहाट

मैत्रिणींनो, आमच्या अर्धापुरात शाळेच्या स्नेहसंमेलनात एखादी मुलगी पाठीला बाहुली बांधून झाशीची राणी होतेच. पण खरा दामोदर काही बाहुलीएवढा नव्हता! एप्रिल १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाई इंग्रजांच्या वेढ्यातून निसटली तेव्हा तो आठ वर्षांचा होता. त्याला घेऊन ती घोड्यावरून थेट काल्पीला गेली. एवढा दम तिने कुठून आणला असेल, याचं मला नेहमी नवल वाटायचं.

उत्तर विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये सापडलं. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी वेढ्याच्या वेळी झाशीतच होते. राणी पहाटे उठून मल्लखांब करी, मग घोडा फिरवी, असं त्यांनी लिहून ठेवलंय. आंघोळ, पूजा, दरबार हे सगळं त्यानंतर.

बाईच्या वाट्याला दुःख काही थोडं नव्हतं. आई लहानपणीच गेलेली. १८५१ मध्ये झालेला मुलगा काही महिन्यांतच गेला. नोव्हेंबर १८५३ मध्ये दामोदरला दत्तक घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी गंगाधरराव वारले. पुढच्या वर्षी इंग्रजांनी राज्यही खालसा केलं. तरी तिने अंथरूण धरलं नाही. पहाटेचा तो वेळ तिने स्वतःच्या शरीरासाठी राखून ठेवला.

जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ लढताना तिला मरण आलं. दामोदर मात्र वाचला आणि पुढे इंदूरला राहून १९०६ पर्यंत जगला.

आज लेकुरवाळ्या बायका सैन्यात आहेत. महिला जवानांनाही अधिकारी महिलांइतकीच बाळंतपणाची, मुलांच्या संगोपनाची आणि दत्तक मुलासाठीची रजा द्यायला नोव्हेंबर २०२३ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी मंजुरी दिली. राणीला कुठली आलीय रजा!

आपण म्हणतो, धुणी-भांडी, केळीच्या बागेतलं काम, यातच व्यायाम होतो की! पण दिवसभर वाकून कंबर धरते, त्याला व्यायाम कसं म्हणायचं? लेकरांच्या डब्याआधी अर्धा तास आपला काढा. भराभर चाला, हातपाय ताणा. नुकतंच बाळंतपण झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. घरचे काय म्हणतील, ही धास्ती नको. आई धडधाकट असली तर लेकरांचंच भलं आहे, एवढं त्यांना सांगा.