बंधुत्वाची किंमत मोजणारे प्रिन्स हॉल

बंधुत्वाची शपथ घेणारी संस्था माणसाचा रंग पाहून दार लावून घेते, तेव्हा त्या शपथेला काय अर्थ उरतो? अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे आद्य नेते प्रिन्स हॉल यांचे चरित्र वाचताना हा प्रश्न आम्हाला पडतो.

हॉल बोस्टनमध्ये कातडी कमावण्याचा व्यवसाय करीत. फ्रीमेसन ही तेथील प्रतिष्ठितांची बंधुसंस्था. तिच्या गोऱ्या अमेरिकन शाखांनी काळ्यांना जवळ केले नाही. अखेर ६ मार्च १७७५ रोजी ब्रिटिश फौजेतील एका आयरिश शाखेने हॉल व त्यांच्या १४ सहकाऱ्यांना दीक्षा दिली. त्यांच्या शाखेला मिरवणूक काढण्याची व आपले मृत विधिपूर्वक पुरण्याची मुभा मिळाली; नवे सभासद करण्याचा अधिकार मात्र मिळाला नाही. त्यासाठी त्यांनी १७८४ मध्ये लंडनकडे अर्ज केला. सनद हाती पडली ती २९ एप्रिल १७८७ रोजी!

वर्गणीपेक्षा मोठी किंमत निष्ठेची होती. फ्रीमेसनाने राज्यसत्तेविरुद्ध जाऊ नये, असा दंडक. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी बंड केले, तेव्हा हॉल यांनी आपली माणसे गव्हर्नरांना देऊ केली. म्हणजे पीडितांनी पीडितांविरुद्ध उभे राहायचे! आणि तीही मदत नाकारली गेली. निष्ठा सिद्ध करूनही माणूस म्हणून मान्यता मिळत नाही, हे कटू सत्य आहे. काही आठवड्यांतच हॉल यांनी आफ्रिकेत परत जाण्यासाठी साहाय्य मागणारा अर्ज विधिमंडळाला दिला.

तरीही मोजलेली किंमत वाया गेली नाही. शाखेमुळे विखुरलेल्या माणसांना एकत्र बसण्याची जागा मिळाली, एकमुखाने बोलण्याचे बळ मिळाले. कर भरूनही आमची मुले शाळेविना का, हा सवाल त्यांनी १७८७ मध्ये विधिमंडळाला केला. १७८८ मध्ये बोस्टनमधील तीन काळ्या माणसांना पळवून कॅरिबियन बेटांवर विकायला नेले, तेव्हा हॉल व त्यांच्या बांधवांनी आवाज उठवला. मॅसॅच्युसेट्सने गुलामांच्या व्यापाराला बंदी केली आणि ते तिघे घरी परतले.

१८०७ मध्ये हॉल यांचे निधन झाले. पुढे लंडनने त्यांच्या शाखेचे नाव यादीतून काढले. मॅसॅच्युसेट्समधील त्यांच्या परंपरेला इंग्लंडच्या मुख्य संस्थेने मान्यता दिली ती थेट १९९४ मध्ये!

दुसऱ्याच्या दारात मान्यतेसाठी दोनशे वर्षे गेली. स्वतःच्या संघटनेने मात्र हॉल यांच्या हयातीतच फळ दिले. वर्गणी देताना, शपथ घेताना आपण कोणत्या दारात उभे आहोत, हे चळवळीतील प्रत्येकाने तपासले पाहिजे.