सीमा न मानणारा स्वरसंग्राहक

हंगेरीतील शहरी रसिक जिप्सी वादकांच्या सुरावटींनाच लोकसंगीत समजत. पियानोवादक बेला बार्टोक (१८८१-१९४५) यांचाही समज काही वेगळा नव्हता. १९०४ मध्ये त्यांनी ट्रान्सिल्व्हेनियातील एका मोलकरणीचे गाणे ऐकले आणि पुढे मित्र झोल्तान कोदाय यांच्याप्रमाणेच फोनोग्राफ घेऊन ते खेडोपाडी हिंडले. पाच स्वरांवर उभी असलेली शेतकऱ्यांची जुनी गाणी मेणाच्या नळकांड्यांवर उतरली. हंगेरियनांबरोबर स्लोव्हाक, रुमानियन आणि १९१३ मध्ये अल्जीरियातील अरबांचीही! महायुद्धानंतर ट्रान्सिल्व्हेनिया रुमानियाकडे गेला, तेव्हा हे प्रेम महागात पडले. रुमानियन लोकसंगीतावर लिहिल्याबद्दल १९२० मध्ये त्यांच्या देशनिष्ठेवरच शंका घेण्यात आली. अभ्यास मात्र थांबला नाही. १९४० मध्ये देश सोडून न्यूयॉर्कला गेल्यावर, ढासळत्या प्रकृतीतही ते युगोस्लाव्हियातील गाण्यांची स्वरलिपी करीत होते.