दुहेरी भिंगांचा मेजर

गेल्या वर्षी माझे मामा आफ्रिकेला जाऊन आले. बँकेतून निवृत्त झालेले, जन्मभर दुसऱ्यांच्या पैशांचे हिशेब सांभाळलेले हे गृहस्थ. पण उतारवयात कॅमेऱ्याचा नाद लागला आणि घरात कोणाला न विचारता सहा जणांच्या एका गटाबरोबर ते केनियातील मसाई माराला जाऊन धडकले. परत आल्यावर बैठकीच्या भिंतीला पांढरी चादर लावून त्यांनी आम्हा सगळ्यांना चित्रे दाखविली. मारा नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे कळप, झाडावर पाय सोडून झोपलेला बिबट्या, उधईच्या वारुळावर उभी राहून चौफेर पाहणारी चित्तीण. सहाच माणसे का, तर गाडीत प्रत्येकाला खिडकी मिळावी म्हणून. भिंग टेकवायला धान्याने भरलेली पिशवी, जनावर दिसले की इंजिन बंद, कोणी हलायचे नाही, बोलायचे नाही. एका चित्तिणीसाठी मामा चार तास न हलता बसले होते. जे मामा लग्नाच्या पंगतीत पाच मिनिटे स्वस्थ बसत नाहीत त्यांचे हे कौतुक ऐकून मामी नुसती हसत होती.

चित्रे संपली आणि आजीने विचारले, यात वाघ कुठे आहे? मामा म्हणाले की आफ्रिकेत वाघ नसतोच. वाघ होते ते आपल्या अजिंठ्याच्या डोंगरात, आणि त्यांना मारणारा गिलसाहेबच त्या डोंगरातला पहिला फोटोग्राफर. एवढे बोलून ते चादर काढू लागले.

मला मात्र हे वाक्य लागले. मी मूळचा सिल्लोड तालुक्यातला. गिलसाहेब मला माहीत होता, पण तो पारोचा साहेब म्हणून. अजिंठा गावात पारोची कबर आहे. तिच्यावर साहेबाने कोरून घेतलेला मजकूर इंग्रजीत आहे, आणि आम्ही पोरे त्यातले एकही अक्षर न समजता तिच्या आसपास खेळलेलो आहोत. महानोरांचे काव्य आले, २०१२ साली त्यावर सिनेमा आला आणि साहेबाची प्रेमकथा घरोघरी गेली. पण हा मनुष्य इथे कशासाठी आला होता, इतकी वर्षे काय करीत होता, हे मला, इतिहास विषय घेऊन बी.ए. करणाऱ्या विद्यार्थ्याला, धड सांगता आले नसते. लाज वाटली. मग ग्रंथालयात बसलो. त्यातून हा लेख झाला.

रॉबर्ट गिल लंडनचा, जन्म १८०४. ऐन तारुण्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यात भरती झाला आणि ४४ व्या पायदळ पलटणीत अधिकारी म्हणून राहिला. हात चित्रकाराचा होता. सैन्यात असे पुष्कळ अधिकारी असत. फावल्या वेळात देवळांची नि नद्यांची चित्रे काढीत आणि विलायतेला आईबहिणींना पाठवीत. गिलही तसाच राहिला असता, तर आज त्याचे नाव कोणी घेतले नसते.

अजिंठ्याची लेणी बाहेरच्या जगाला कळली तीही शिकारीच्या निमित्ताने. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा मद्रास सैन्यातलाच अधिकारी वाघाच्या शिकारीला वाघोऱ्याच्या खोऱ्यात आला आणि समोरच्या कड्यात त्याला कमान दिसली. दहाव्या लेण्यातील एका खांबावर त्याने आपले नाव नि तारीख कोरून ठेवली आहे. (ऐतिहासिक वास्तूवर नाव कोरू नये असे आपण सहलीत ओरडून सांगतो, तिथे पहिला गुन्हेगार हाच!) पुढे जेम्स फर्ग्युसन या वास्तुशास्त्राच्या अभ्यासकाने ही लेणी हिंडून पाहिली आणि १८४३ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे त्यांवर निबंध वाचला. रंग झडत आहेत, वटवाघळांनी नि ओलीने भिंती खराब होत आहेत, नकला करून घेतल्या नाहीत तर काही उरणार नाही, असा त्याचा धोशा होता. सोसायटीने कंपनीकडे रदबदली केली आणि १८४४ साली या कामावर गिलची नेमणूक झाली.

तेव्हा तो चाळिशीत होता. अजिंठा गावातील बारादरीत त्याने मुक्काम केला आणि घाट उतरून लेण्यांत जाऊ लागला. आज आपण लेणी पाहतो ती स्वच्छ, दिवे लावलेली. त्या काळी आत काळोख, वटवाघळांची घाण, कड्याला मोहोळे, खाली दाट रान. अशा ठिकाणी मोठमोठी कापडे ताणून तेलरंगात भिंतीवरील चित्र उतरवायचे. माणसाने वर्षभर केले तरी त्याला शाबासकी द्यावी. गिल जवळजवळ वीस वर्षे, १८६३ पर्यंत हे करीत होता. सुमारे तीस मोठी चित्रे झाली. ती विलायतेला रवाना होत गेली.

याच काळात, २३ मे १८५६ रोजी पारो गेली. तारीख कबरीवरच आहे. साहेबाने तिला आपली लाडकी म्हणून तिथे संबोधले आहे, आणि एका लष्करी अधिकाऱ्याने एका खेड्यातील बाईविषयी हे दगडावर, सर्वांना वाचता येईल असे लिहावे ही गोष्ट त्या काळात लहान नव्हती. पण गोष्ट सांगणारे एक बाजू सहसा सांगत नाहीत. गिलचे १८४१ सालीच लग्न झालेले होते, मुले होती. मुलगा विल्यम १८४३ साली बंगलोरला जन्मला आणि पुढे चीन-तिबेटच्या सीमेवर दूरवर भटकून त्याने प्रवासी म्हणून नाव मिळविले. १८८२ साली इजिप्तच्या लढाईच्या वेळी सिनाईच्या वाळवंटात बेदुइनांनी त्याला ठार मारले; त्याचे अवशेष लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये आहेत. बाप अजिंठ्याच्या काळोखात रमला, मुलगा आशिया पालथा घालून आफ्रिकेच्या उंबरठ्यावर पडला. पारोच्या कथेत या मुलाला आणि त्याच्या आईला जागा नाही. मला ती असावी असे वाटते; त्याने पारोचे काही कमी होत नाही.

आता मामांच्या वाक्याकडे येतो. १८५६ च्या सुमारास गिलच्या हाती कॅमेरा आला, तोही दुहेरी भिंगांचा. आपल्या दोन डोळ्यांत जेवढे अंतर असते साधारण तेवढ्याच अंतरावर दोन भिंगे. एकाच वेळी एकाच वस्तूची दोन छायाचित्रे उमटतात, बघताना दिसायला सारखी पण किंचित निराळी. ती शेजारी शेजारी लावून स्टिरिओस्कोप नावाच्या चष्म्यासारख्या यंत्रातून पाहिली की चित्राला खोली येते. खांबांच्या मागचे खांब, त्यांच्या मागचा गाभारा, सारे उभे राहते. कापडावर रंगविलेल्या नकलेत चित्र येते, पण लेण्याचे पोट येत नाही. ते या यंत्रात येई. गिल या यंत्राच्या प्रेमात पडला नसता तरच नवल. अजिंठा, वेरूळ, लोणार, भोकरदनजवळचे अन्वा येथील देऊळ, जाईल तिथे त्याने कॅमेरा उभा केला. १८६४ साली लंडनमध्ये त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तके निघाली, मजकूर फर्ग्युसनचा. पानोपानी खरी छायाचित्रे चिकटविलेली. एक केवळ लेण्यांचे. दुसऱ्यात शंभर दुहेरी चित्रे आहेत आणि त्याचा विषय पश्चिम हिंदुस्थानातील वास्तू व निसर्ग असा दुहेरीच आहे.

हा निसर्ग म्हणजे गिलने मारलेली जनावरे. तो नाणावलेला शिकारी होता, वाघाचा विशेष. जनावर मारावयाचे, झाडाखाली मांडावयाचे आणि त्याचे चित्र घ्यावयाचे. हे वाचून प्रथम मला किळस आली. मग विचार केला की जिवंत जनावराचे चित्र तो घेऊ शकला असता का? त्या काळची रीत अशी होती : काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा, ती काच चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून भिंग कित्येक सेकंद उघडे ठेवायचे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. काच वाळली की काम फुकट. आमच्या उन्हाळ्यात ती किती वेळ ओली राहील हे सिल्लोडच्या माणसाला सांगायला नको. लेणे हलत नाही, म्हणून लेण्याचे चित्र निघे. वाघ हलतो. तो स्थिर राहावा याला एकच उपाय गिलला ठाऊक होता.

कारण समजले म्हणून मन पूर्ण निवळले असे नाही. ज्या माणसाने वीस वर्षे घालवून भिंतीवरचे हत्ती, हरणे आणि हंस जपले त्याला जिवंत जनावर पाहून बंदूकच का आठवावी? त्याच्या काळात ते शौर्य होते, हे उत्तर मला पटते आणि पुरत नाही.

आणखी चाळीस वर्षांनी शिलिंग्ज नावाच्या जर्मनाने पूर्व आफ्रिकेत रात्री प्रकाशाचा झोत टाकून जिवंत जनावरांची चित्रे घेतली, तरी बंदूक त्याच्याही बरोबर होतीच. सफारी हा शब्दही तिकडच्या स्वाहिली भाषेने अरबीतून घेतला. आपली सफर तीच. बंदुकीच्या सफरीची कॅमेऱ्याची सफर व्हायला पुष्कळ काळ गेला. आपल्याकडे वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली झाला आणि केनियाने शिकार १९७७ साली बंद केली. मामा ज्या गाडीत बसले तिचा पूर्वइतिहास असा आहे.

गिलच्या आयुष्यातला मोठा घाव डिसेंबर १८६६ मध्ये बसला. त्याची चित्रे लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेली होती. तिथे आग लागली. चार-पाच चित्रे तेवढी वाचली, बाकी सगळी गेली. दोन दशकांचे काम गेले, आणि ते हजारो मैलांवर. विझवायला धावण्याचेही नशिबी नव्हते. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळशा १८८५ साली लंडनलाच आगीत सापडल्या. अजिंठ्याच्या ओलीला भिऊन ज्या प्रती विलायतेला नेल्या त्या तिथे दोनदा जळाल्या आणि अजिंठ्याच्या भिंती मात्र अजून उभ्या आहेत! रंग उडाले आहेत, पण आहेत.

गिलचे जे शिल्लक राहिले त्यात मोठा वाटा त्या लहानशा दुहेरी चित्रांचाच. जे काम पगारी, ते जळाले. जो नाद, तो उरला.

गिल परत गेला नाही. पलटणीतले सोबती पेन्शन घेऊन विलायतेला गेले असतील. हा म्हातारा या डोंगरालाच धरून राहिला. एप्रिल १८७९ मध्ये त्याला मृत्यू आला, वयाच्या पंचाहत्तरीच्या उंबऱ्यावर. त्याची कबर भुसावळला आहे. पारोची अजिंठ्याला.

हे सगळे वाचून झाल्यावर मी मामांकडे गेलो. तुम्ही आफ्रिकेला गेलात याचा आम्हांला अभिमान आहे (आपले शहर वसविणारा मलिक अंबर तिकडूनच आला होता, तेव्हा ते एक प्रकारे परतभेटच म्हणायची), पण वाघासाठी एवढे दूर जाण्याची गरज नाही, असे त्यांना सांगितले. त्यांनी कपाटातून एक कात्रण काढले. २०२१ सालचे. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक वाघ शेकडो किलोमीटर चालत, शेते, रस्ते, गावे ओलांडून आपल्या गौताळ्याच्या अभयारण्यात आला होता. कित्येक दशकांत या डोंगरात वाघ दिसलेला नव्हता. झाडाला बांधलेल्या वनखात्याच्या कॅमेऱ्याने रात्री त्याचे चित्र टिपले. जवळ माणूस नव्हता.

मामांनी ते कात्रण मला दिले नाही. त्यांचा जुना कॅमेरा मात्र दिला. परीक्षा संपली की भुसावळची गाडी धरणार आहे. पारोची कबर पाहिली होती, साहेबाची अजून पाहायची आहे.