ताराबाई मोडक : अंगणापर्यंत आलेली शाळा

चरित्र वाचताना सनावळीसोबत त्या व्यक्तीने आयुष्यभर बाळगलेल्या प्रश्नाचाही माग काढावा. ताराबाई मोडक यांच्याबाबतीत तो प्रश्न असा सांगता येईल : प्रत्येक मुलाला त्याच्या कलाने, त्याच्या गतीने शिकू द्यायचे असेल, तर ती सोय फी भरू शकणाऱ्यांच्याच मुलांसाठी असावी काय?

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते असल्यामुळे मुलीच्या शिक्षणाला घरातून विरोध होण्याचे कारण नव्हते. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर त्या अमरावतीस गेल्या. परंतु तो संसार फार काळ टिकला नाही. पुढे राजकोट येथील स्त्री-अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांच्याकडे आले. प्रतिष्ठेची आणि स्थैर्याची ही जागा सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. मारिया माँटेसरी यांच्या विचारांनी प्रभावित होऊन त्यांनी तेथे बालमंदिर चालविले होते.

या पद्धतीचे मर्म येथे समजून घ्या. एका ठोकळ्यात लहानमोठ्या खाचा असतात आणि त्यांत बसणारे लाकडी दट्टे असतात. मुलाने एक दट्टा चुकीच्या खाचेत बसविला, तर शेवटी एखादा दट्टा कोठेच बसत नाही. चूक दाखविण्यासाठी शिक्षकाने बोलण्याची आवश्यकता उरत नाही. मूल स्वतःच पुन्हा मांडणी करू लागते. एकाच दालनात एक मूल दट्टे हाताळते, दुसरे अक्षरे गिरविते, तिसरे नुसते पाहत बसते. शिक्षकाचे मुख्य काम निरीक्षणाचे. बक्षीस, शिक्षा, क्रमांक यांना तेथे स्थान नाही. घोकंपट्टी आणि छडी यांवर चालणाऱ्या तत्कालीन शाळांच्या पार्श्वभूमीवर ही रीत किती वेगळी वाटली असेल, याची कल्पना करून पाहा.

१९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिके’च्या द्वारा ताराबाईंनी हा विचार मराठी पालकांपर्यंत पोहोचविला. १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केला. शहरातील सुशिक्षित मध्यमवर्गाने त्याचे स्वागत केले, आणि मला वाटते, ताराबाईंची खरी अडचण येथेच सुरू झाली. माँटेसरी यांचे पहिले बालगृह १९०७ मध्ये रोममधील सान लोरेंझो या श्रमिकांच्या वस्तीत उघडले होते. गरिबांच्या मुलांमधून सिद्ध झालेली पद्धती भारतात मात्र महागड्या साधनांमुळे सुखवस्तू घरांपुरती उरण्याची चिन्हे होती.

१९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. विकत आणलेली साधने येथे परवडणारी नव्हती. म्हणून शंखशिंपले, गोटे, बिया, पाने हेच शिक्षणसाहित्य झाले. मोजणे, जुळविणे, लहानमोठे ओळखणे हे सारे त्यांवर होऊ शकते. साधनांच्या शुद्धतेबाबत आग्रही असणाऱ्या माँटेसरीपंथीयांना हे रुचणे कठीण होते. पण पद्धतीचा गाभा आणि तिचे साहित्य यांतील फरक ताराबाईंनी अचूक ओळखला होता, असे माझे मत आहे.

तरीही दलित वस्तीतील मुले बालवाडीत येत नव्हती. दार उघडे होते, शुल्काचा प्रश्न नव्हता. मग अडले कोठे? बोलावणे धाडून भागत नाही हे उमगल्यावर ताराबाई आणि अनुताई साहित्य घेऊन त्या वस्तीतच गेल्या आणि घरापुढच्या अंगणात शाळा भरू लागली. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे, हे सूत्र येथे प्रत्यक्षात आले.

१९५७ च्या सुमारास हे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेले. तेथील प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता. प्राथमिक शाळेच्या वयाची मुलगी घरी राही ती धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी. मुलगा जाई गुरे चारायला. या कामांवर घर चालत असे. पालकांना शिक्षणाचे महत्त्व पटवून देणारी भाषणे येथे निरुपयोगी होती. ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. तिला विकासवाडी म्हणतात. धाकटे भावंड पाळणाघरात ठेवले की थोरली बहीण शेजारच्या वर्गात बसू शके. गुराख्यांसाठी शिक्षक साहित्य घेऊन कुरणात जात, आणि गुरे चरत असताना धडे चालत. ही कुरणशाळा. मुलाची गती जाणण्याबरोबर त्याचा संपूर्ण दिवस कसा जातो हेही शिक्षकाने जाणावे, अशी ताराबाईंनी व्यक्तिगत शिक्षणाची व्याप्ती वाढविली. वारली बोली आणि पाठ्यपुस्तकांतील प्रमाण मराठी यांतील अंतर हा आणखी एक अडसर. भाषेचे विद्यार्थी म्हणून तुम्ही त्याचा स्वतंत्र विचार करावा; पहिलीत ‘मंद’ ठरविलेले मूल पुष्कळदा केवळ परक्या बोलीपुढे गोंधळलेले असते.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे चालविले.

आता या प्रयोगांशी जोडलेल्या शब्दांकडे वळू : बालवाडी, अंगणवाडी, विकासवाडी, कुरणशाळा. ‘वाडी’ म्हणजे लहान वस्ती, तशीच फळझाडांची बागही; चिकूच्या वाड्यांनी वेढलेल्या बोर्डीत हे दोन्ही अर्थ डोळ्यांपुढे असतात. ‘बालमंदिर’ या आधीच्या शब्दात शाळेचे पावित्र्य आहे आणि त्याबरोबर उंबरठाही आहे. ‘अंगणवाडी’त शाळा उंबरठ्याबाहेर, घराच्या पुढ्यात आलेली दिसते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले, आणि मराठी न जाणणाऱ्या प्रांतांतही ते रूढ झाले.